अठ्ठावीस डेसिबलच्या आत

९ फेब्रुवारी, रविवार

नवी वही. इथे फक्त कॉम्प्युटरबद्दल लिहायचं: भाग, किमती, आकडे, निर्णय आणि निर्णयाची कारणं. बाकी काही नाही.

मर्यादा दोन. पहिली, एक लाख ऐंशी हजार. जानेवारीत खात्यावर तेवढेच आले. ते कशाबद्दल आले हे मला माहीत आहे; वहीला कळायची गरज नाही. दुसरी मर्यादा आवाजाची. सगळ्यात जड खेळ चालू असताना, एक मीटरवर, अठ्ठावीस डेसिबलच्या वर जायचं नाही.

दुसरी मर्यादा आईमुळे. माझी खोली आणि आईची खोली पूर्वी एकच होती, आता मध्ये प्लायवूडची भिंत आहे. पलीकडे आई अंध विद्यार्थ्यांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. संध्याकाळी सात ते नऊ, कारण समोरचं मैदान तेव्हा रिकामं झालेलं असतं. संस्थेतली तपासणारी बाई फार कडक आहे. आई तिला मांजरकान म्हणते. जरा कुठे खुट्ट झालं की पूर्ण धडा परत येतो. सध्या भूगोल चालू आहे. तो नीट पार पडला तर पुढच्या वर्षीची पाचही पुस्तकं आईला मिळणार आहेत. नोकरी सुटल्यापासून ती कशात एवढी रमलेली मी पाहिली नव्हती.

तिला विचारलं. ती म्हणाली, "घे की. फक्त तुझ्या मशीनची घरघर माझ्या नद्यांमध्ये नको."

येणार नाही, असं सांगितलं. हे मी मोजून सांगू शकते. कारखान्यात मी वॉशिंग मशीनचा आवाज मोजते. लोकांच्या घरातली कटकट कमी करायचा मला पगार मिळतो.

११ फेब्रुवारी

संदर्भासाठी जुन्या मशीनची नोंद. तेही मी स्वतः जोडलं होतं. ते सासरीच राहिलं, मी मागितलं नाही. सहा पंखे होते. विमान उतरल्यासारखा आवाज येतो, असं तिथल्यांचं म्हणणं होतं. मी मोजला होता: एक्केचाळीस. ते विमान नव्हे, पण तक्रार अगदीच खोटी नव्हती.

खेळताना माझाही आवाज व्हायचा, त्याचीही तक्रार होती. तो मी दोन महिन्यांत बंद केला. त्याला खर्च आला नाही.

१२ फेब्रुवारी

प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडून आवाज मोजायचा चांगला मीटर दोन आठवड्यांसाठी मागून आणला. कशासाठी विचारलं. घरगुती वापर, म्हटलं.

खोलीची स्वतःची शांतता मोजली. पहिला आकडा एकतीस. छताचा पंखा बंद: अठ्ठावीस. फ्रिज बंद: सव्वीस. भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली ठेवलं: चोवीस. म्हणजे मशीनच्या वाट्याला जेमतेम सव्वीस येतात, कारण चोवीस आणि सव्वीस मिळून अठ्ठावीस होतात. डेसिबलची बेरीज शाळेतल्या बेरजेसारखी नसते. हे मला आवडतं.

फ्रिज परत चालू करायला विसरले. दूध नासलं म्हणून आईची बोलणी बसली. रास्त होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुकानात गेले. कॉम्प्युटरचे भाग विकणारे गृहस्थ साठीचे असतील. एक चष्मा डोळ्यावर आणि एक कपाळावर. मी त्यांना मनात चष्मेवाले म्हणते. माझी यादी त्यांनी दोन्ही चष्म्यांतून वाचली आणि रंगीत दिवे कुठे आहेत विचारलं. नकोत, म्हटलं. दिवे या पेटीबरोबर फुकट आहेत, म्हणाले. फुकटही नकोत.

"मॅडम, इथे येणाऱ्या प्रत्येकाला आपलं मशीन शेजाऱ्यांना दिसायला हवं असतं. तुम्हाला ते असल्याचंच कळू द्यायचं नाही. मग घेता कशाला?"

खेळायला, म्हटलं. ते हसले आणि आतून एक पेटी घेऊन आले. काचेची बाजू नाही. दारं जाड, आतून दाट फोम. पुढून हवा यायला रुंद जाळी. मी दार तीन वेळा उघडून लावलं. चांगल्या कपाटासारखं लागतं. अकरा हजार. यादीत नऊ धरले होते.

घरी येताना चालत निघाले होते. कोपऱ्यावर लक्षात आलं की मी जवळजवळ पळतेय.

१९ फेब्रुवारी

आवाज कमी करायचा असेल तर मोठ्या गोष्टी हळू फिरवायच्या, हे साधं तत्त्व आहे. लहान पंखा जोरात फिरला की किंचाळतो. मोठा पंखा मिनिटाला सहाशे फेरे घेतो तेव्हा जेमतेम श्वास घेतल्यासारखा वाटतो. म्हणून पाच लहानांऐवजी तीन मोठे. प्रोसेसरवर एक किलोचा धातूचा ठोकळा. वीजपुरवठ्याचा डबा गरजेच्या दुप्पट ताकदीचा, म्हणजे त्याचा पंखा बहुतेक वेळ फिरणारच नाही.

अडलंय ग्राफिक्स कार्डावर. बजेटमध्ये दोन पर्याय: वेगवान कार्ड, बारीक पंख्यांचं, किंवा एक पायरी खालचं, पण वीट वाटेल एवढं जाड आणि शांत. दोन्ही बहात्तर हजारांच्या आसपास. मन वेगाकडे ओढ घेतंय, आकडे जाडीकडे.

दुपारच्या मीटिंगमध्ये हवेच्या प्रवाहाचं चित्र काढत बसले. प्रमुखांनी कागद ओढून पाहिला आणि हे कुठल्या मॉडेलचं, विचारलं. माझं, म्हटलं. त्यांनी बाण खोडून पेटीच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात हलवला. त्यांचं बरोबर होतं.

२० फेब्रुवारी

जाड कार्ड. ठरलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

खरेदी झाली. एकूण एक लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. सहा हजार चारशे उरले. चष्मेवाल्यांनी सगळ्यावर पंधरा दिवसांची परतीची मुदत दिली आणि पावतीवर हातानं लिहूनही दिलं. वीजपुरवठ्याचा डबा अजून यायचा आहे, त्यामुळे मुदत तो हातात पडल्यापासून धरायची.

खोके आईच्या पलंगाखाली ठेवलेत, माझ्याकडे जागा नाही. तिनं मोजले. आठ. "बारसं कधी?" म्हणाली.

२ मार्च, रविवार

वीजपुरवठ्याचा डबा काल आला. सकाळी आठला जोडायला घेतलं, एकला संपलं. एकही स्क्रू उरला नाही. आई दारात उभी राहून बघत होती. मधूनच टॉर्च धरायला आली आणि मग गेलीच नाही. प्रत्येक भागाचं काम काय ते विचारत राहिली. ठोकळ्याला तिनं जावई नाव ठेवलं, कारण सगळ्यात जास्त जागा तोच अडवतो आणि काहीच करताना दिसत नाही. नाव ठेवल्यावर ती एकदम टॉर्च माझ्या हातात देऊन आत गेली. नाव चांगलं होतं.

बटण दाबलं. काहीच झालं नाही असं वाटलं. तारा तपासायला वाकले तर स्क्रीन उजळलेला होता. पंखे फिरत होते आणि ते मला ऐकू येत नव्हते. मी तळहात जाळीसमोर धरून पाहिला. हवा होती.

पूर्ण भारावर अर्धा तास चालवलं. सत्तावीस पूर्णांक सहा.

पुन्हा मोजलं. सत्तावीस पूर्णांक सहा.

आईला बोलावून दाखवलं. तिनं मीटरकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत होती. मग म्हणाली, एवढी मोठी पेटी आणि हूं नाही की चूं नाही, जरा माझ्या मिक्सरला शिकव.

३ मार्च

एक दोष सापडला. चित्रं फार वेगानं बदलायला लागली की कार्डातून बारीक शिट्टी येते. मीटर पकडत नाही, कान पकडतो. सेकंदाला नव्वद चित्रांवर मर्यादा घातली. शिट्टी बंद. वेगवान कार्ड न घेतल्याचं दुःखही बंद, कारण नव्वद हेसुद्धा देते.

नंतर खरी परीक्षा. आईच्या माइकवर तिच्या खोलीत तीन रेकॉर्डिंग केली: मशीन बंद, मशीन चालू, मशीन पूर्ण भारावर. क्रम बदलून तिला ऐकवली. तिला ओळखता आली नाहीत. मलाही नाही. पास.

५ मार्च

ताईला सांगितलं. ती दूरच्या शहरात असते, बाळ सात वाजता झोपतं, मग ती मोकळी. लहानपणी आम्ही दोघी एका कीबोर्डवर खेळायचो, डावीकडची बटणं तिची, उजवीकडची माझी. तिनं एक खेळ सुचवला. दोघींनी मिळून एक कपाट डोंगरावर चढवायचं. बस्स, एवढंच. कपाटाची दारं सारखी उघडतात आणि आतली भांडी घरंगळत खाली जातात.

ग्राफिक्स कार्डाला या खेळात दहा टक्केही काम नाही. तरी हेडफोन लावून, गप्पा मारत दोन तास खेळलो. ताई मुद्दाम तिचं टोक सोडते.

६ मार्च

कपाट. दोन तास.

७ मार्च

कपाट. पहिला पूल ओलांडला. ताईनं परत सोडलं.

१० मार्च

आईनं रेकॉर्डिंगची वेळ बदलली आहे. पहाटे पाचला उठून वाचते. पहाटे गळा मोकळा असतो, म्हणाली. हे चमत्कारिक आहे. सकाळी दहापर्यंत आपला आवाज फुटक्या मडक्यासारखा येतो, हे तिचंच म्हणणं होतं आणि संध्याकाळच्या वेळेचं तेही एक कारण होतं. विचारल्यावर म्हणाली, वयानुसार बदलतं.

जेवताना तिला डुलकी लागली. हातात घास तसाच.

संध्याकाळी सातनंतर ती आता तिच्या खोलीत नुसती बसलेली असते. दिवा लावलेला असतो, वाचत काही नाही. टीव्ही लाव म्हटलं तर नको म्हणते.

१३ मार्च

भूगोलाचा अकरावा धडा मांजरकाननं परत पाठवला. शेरा: मागून आवाज येतो. आणखी एकदा असं झालं तर पुढच्या पुस्तकांचा फेरविचार करावा लागेल, असंही लिहिलंय.

धडा ६ मार्चला रेकॉर्ड केलेला. मशीन चालू होतं.

आई म्हणाली, काही नाही, वरच्यांनी खुर्ची ओढली असेल, मी परत पाठवते. एवढ्या सहजपणे म्हणाली की मला ते खरं वाटलं नाही. फाईल मागितली. पुसली, म्हणाली.

१४ मार्च

शिट्टी असणार. किंवा पेटी जमिनीवर असल्यामुळे कंप फरशीतून जात असेल. हवेतला आवाज मोजला, फरशीतला मोजलाच नाही. अशी चूक नवशिक्यांनी करायची असते. पेटीखाली रबराचे तुकडे घातले. एक पंखा काढला. काही कळत नाही, कारण काय शोधायचंय तेच माहीत नाही.

ताईला कळवलं, काही दिवस खेळ बंद.

१५ मार्च, शनिवार

मशीन बंदच. सातला आईनं दारातून डोकं आत घातलं. आज खेळत नाही का? नाही. कालही नाही? कालही नाही. बिघडलं का? नाही.

ती दार लोटून गेली.

परतीची मुदत उद्या संपते. चष्मेवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, आणा, शब्द दिलाय. पण एवढं शांत मशीन मी आयुष्यात विकलेलं नाही, परत घेताना वाईट वाटेल. मलाही, असं मी म्हणाले नाही. आईची पाच पुस्तकं एका बाजूला आणि कपाट डोंगरावर नेणं दुसऱ्या बाजूला. यात मोजायला काही नाही. उद्या दुपारी नेऊन देते.

पण दोष कळल्याशिवाय मशीन परत करणं माझ्या स्वभावात बसत नाही. आईला न सांगता संस्थेला मेल केली. मी त्यांची मुलगी, आवाज मोजणं हा माझा व्यवसाय, परत केलेली फाईल आणि नेमकं मिनिट कळवावं. हे आईच्या मागे केलं. नोंद करून ठेवते.

१६ मार्च, रविवार

सकाळी मांजरकानचं उत्तर आलं. सोबत फाईल. चौदा मिनिटं वीस सेकंद.

ऐकण्याआधी आलेख काढला. एका नजरेत कळलं की मशीन नाही. मशीनचा आवाज सरळ रेषेत येतो, हा उसळ्या मारत होता. मग ऐकलं. आई खाऱ्या सरोवरांबद्दल वाचतेय. मागून कुठूनतरी एक बाई हसते. साधं हसणं नाही. सुरुवात होते, थांबायचा प्रयत्न होतो, मग फुटतंच. आई वाक्याच्या मध्येच थांबते.

त्यानंतर चाळीस सेकंद आई काही वाचत नाही. हसणं चालू आहे. शेवटी शेवटी अगदी माइकजवळ नाकातून हवा सुटल्यासारखा एक छोटा आवाज येतो. तो आईचा. मग ती घसा साफ करते आणि वाक्य पहिल्यापासून वाचते.

मशीन सुटलं या आनंदात मला पुढचं सुचलंच नाही. मी वरच्या मजल्यावर गेले. वरच्या बाईंना विचारलं, ६ तारखेला संध्याकाळी तुमच्याकडे कुणी पाहुणी होती का, फार हसणारी. त्या म्हणाल्या, आम्ही तर महिनाभर गावाला होतो, कालच आलो.

ताईला फोन केला आणि तुकडा ऐकवला. तुला ऐकू येतंय ते कुठून येत असेल, विचारलं. तिनं तो पुन्हा लावायला सांगितला.

"अगं वेडे," ती म्हणाली, "तू आहेस ती. मी कपाट सोडलं तेव्हाची."

मी परत ऐकलं. आणखी चार वेळा.

कानावर बंद हेडफोन असले की स्वतःचा आवाज कळत नाही आणि माणूस जोरात बोलतो. हे मला माहीत आहे. कारखान्यात कानात बोळे घालून काम करणाऱ्यांसाठी यावर मी दोन पानी सूचना लिहिलेली आहे, ती जिन्यात लावलेली आहे. मी मशीनचा भार, फेरे, कंप, शिट्टी सगळं मोजलं. खुर्चीवर बसणारं माणूस मोजलंच नाही.

दुपारी चष्मेवाल्यांना कळवलं, आणत नाही.

आई स्वयंपाकघरात होती. फाईल मिळाल्याचं सांगितलं. तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. मग एकेक बाहेर आलं. त्या आठवड्यात रोजच असं होत होतं. ती हसण्याची जागा कापायची आणि साफ फाईल पाठवायची. अकराव्या धड्याची चुकून कापलेली न जाता कच्ची गेली. कच्च्या फाईली ती नेहमी त्याच दिवशी पुसते, जागा भरते म्हणून. या पुसल्या नाहीत. का, विचारलं. राहिल्या, म्हणाली. पुढे कापायची गरज पडू नये म्हणून पहाटेची वेळ.

मी विचारलं, एवढं सगळं करण्यापेक्षा मला सांगितलं का नाहीस?

"काय सांगायचं?" आई म्हणाली. "हळू हस म्हणून?"

ती कणीक मळत होती, तशीच मळत राहिली. मी ओट्यावरचं पातेलं घासायला घेतलं. ते घासलेलंच होतं.

१७ मार्च

साफ फाईल मी स्वतः पाठवली. मांजरकानचं उत्तर तासाभरात: धडा स्वीकारला. खाली एक ओळ, आधीच्या फाईलमधला आवाज कुणाचा ते कळलं का? कळलं, असं लिहिलं. पाच पुस्तकांबद्दल ती अजून काही बोलत नाही. म्हणजे यापुढे एकही चूक परवडणार नाही, आणि आईनं पहाटे पाचला उठणं हा उपाय नाही. काल तिनं 'समशीतोष्ण' तीन वेळा अडखळून वाचलं.

हसणं माइकपर्यंत पोचू नये एवढी भिंत हवी. त्यासाठी हसणं किती ते कळायला हवं. संध्याकाळी मीटर एक मीटरवर ठेवला आणि ताईला फोनवर सांगितलं, हसव. मुद्दाम हसता येत नाही. पाच मिनिटं आम्ही दोघी गंभीर. मग ती लहानपणीची एक गोष्ट काढून बसली, इथे लिहिण्यासारखी नाही. अठ्ठ्याहत्तर. भिंतीपलीकडून आईनं विचारलं, किती आले? मी ओरडून सांगितलं. "अजून येतील," ती म्हणाली.

१८ मार्च

मीटर दोन आठवड्यांसाठी आणला होता, पाच होत आले. प्रमुखांना म्हटलं, अजून महिनाभर लागेल. घरगुती वापर? हो. त्यांनी उरलेल्या, आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीच्या चार गाद्या भंगारात जायच्या आहेत, न्यायच्या असतील तर न्या, असंही सांगितलं.

मला आज कामात लक्ष नव्हतं. चाचणीच्या कागदामागे चार चित्रं काढली. पाचवं बरोबर आहे. नवीन पान:

आईची रेकॉर्डिंगची पेटी. आईच्या खोलीचा आतला कोपरा, प्लायवूडपासून दूर. सव्वा मीटर बाय दीड. भिंती दुहेरी, मध्ये हवेची फट, फटीत दगडी लोकर. आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना कुठेही टेकता कामा नये. दाराला चारी बाजूंनी रबर. हवेसाठी कॉम्प्युटरमधून काढलेला तो तिसरा पंखा, वाकड्या नळीतून. खर्च: सहा हजार चारशे, वर एक पैसा नाही. आईच्या अटी: खुर्चीला हात हवेत, आणि आत बसल्यावर मी दिसले पाहिजे, म्हणून माझ्या दाराच्या बाजूला एक छोटी दुहेरी काच.

आतली पातळी, दार बंद असताना: वीस.

बाहेरच्या आवाजाची कमाल मर्यादा: अठ्ठ्याहत्तर लिहिलं, मग खोडलं. हा रकाना रिकामा ठेवला तर कुणाला वाटेल भरायचा राहिला. म्हणून स्पष्ट लिहिते: मर्यादा नाही.